नुसती ग्रेव्ही

व्हर्नेलने मांसाचा तुकडा लाकडी फळीवर टाकला आणि हातोडीने बडवायला घेतला. बैलाच्या मागच्या मांडीचं चिवट मांस ते, चांगलं पातळ केल्याशिवाय दाताला दाद देत नाही. पण आज ती जरा जास्तच बडवत होती.

"आई, मेलंय गं ते कधीच," लिनेट दारातून म्हणाली. वडिलांना उद्या इस्पितळात न्यायचं म्हणून ती आदल्या दिवशीच लबक शहरातून गाडी घेऊन आली होती.

व्हर्नेलचा हात थांबला नाही.

"बाबांना गिळता येत नाहीये. उद्या पोटात नळी बसवली की तोंडाने काही म्हणजे काही नाही. डॉक्टर काय म्हणाले? आज द्यायचं तर पातळ द्या. आणि तू मांस तळायला घेतलंस! वासानेच मारायचंय का त्यांना?"

"त्याने ग्रेव्ही मागितलीय."

"मग दुकानात पाकीट मिळतं की. दूध घातलं, ढवळलं, झालं."

"पाकिटातली ग्रेव्ही मागच्या भिंतीला लाव. पोपडे आलेत तिला."

आईचं म्हणणं लिनेटलाही ठाऊक होतं. मांस तळल्याशिवाय तव्याच्या बुडाला खरवड धरत नाही, आणि खरवडीशिवाय ग्रेव्ही म्हणजे दुधात कालवलेलं पीठ. नवऱ्याच्या तोंडात शेवटचा घास जायचा तो असल्या पिठाचा, हे व्हर्नेलला सोसणारं नव्हतं. त्यासाठी त्याला न खाता येणारं मांस त्याच्याच नाकासमोर तळावं लागत होतं. तिचं तिलाच ते क्रूर वाटत होतं, पण दुसरा इलाज नव्हता.

तिने तुकडा मैद्यात घोळवला, ताकात फेटलेल्या अंड्यात बुडवला, पुन्हा मैद्यात दाबला आणि बिडाच्या तव्यातल्या गरम चरबीत सोडला. चर्र आवाज झाला तसा तिचा नवरा डॉयल आतल्या खोलीतून आला. दाढी केलेली, अंगात चर्चला जायचा पांढरा शर्ट. कॉलरमध्ये आता त्याची मान मावून वर दोन बोटं जागा उरत होती. तो आपल्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून वाट बघू लागला.

तुकडा खरपूस झाल्यावर तिने तो काढून कागदावर निथळत ठेवला. तव्यात थोडी चरबी राखली, मैदा भाजला, दूध ओतलं आणि बुडाची खरवड पळीने सोडवत ढवळत राहिली. चमचा उभा राहील अशी घट्ट ग्रेव्ही करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आज मात्र ती दूध घालतच गेली. ग्रेव्ही पाण्यासारखी झाली तेव्हा तिला रडूच आलं, पण तिने ते वाफेवर ढकललं.

"मिरी?" डॉयलने विचारलं. आवाज कसला, नुसती घरघर होती ती.

"घशाला झोंबेल."

"झोंबू दे."

तिने मिरपूड घातली, नेहमीसारखी, सढळ हाताने. वाडगा त्याच्यापुढे ठेवून दोघी बसल्या. जेवणाआधीची प्रार्थना रोज डॉयल म्हणायचा. आज त्याने नुसती मान खाली घातली आणि दोघींनीही तेच केलं.

पहिला चमचा त्याने तोंडात धरून ठेवला. गाल हलले, डोळे भरून आले. मग गिळायला गेला आणि असा ठसका लागला की सगळं नाकातोंडातून बाहेर आलं. लिनेट टॉवेल घेऊन धावली. दम खाऊन त्याने पुन्हा अर्धा चमचा घेतला. तोही उतरला नाही. मग त्याने चमचा वाडग्याशेजारी ठेवून दिला.

"छान झालीय," तो म्हणाला.

"खोटारडा. गिळलीस कुठे?"

"चव लागली ना."

व्हर्नेल वाडगा उचलायला उठली.

"तो तुकडा आण इकडे," डॉयल म्हणाला.

"बाबा, अजिबात नाही हं," लिनेट ओरडली.

"मला नकोय गं. तुझ्या आईला. बस, व्हर्नेल. खा."

"मला भूक नाही."

"तुला कधी होती? आम्ही खायचो आणि तू तिथे तव्यापाशी उभी. आम्ही उठलो की मग तू बसायचीस, गार नि मऊ पडलेला तुकडा घेऊन. आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नाही. मलासुद्धा नाही." एवढं बोलून त्याला धाप लागली. "गरम आहे तोवर खा."

लिनेटने बशी आणून आईपुढे ठेवली. सवयीने व्हर्नेलने वरून ग्रेव्ही ओतायला पळी उचलली. डॉयलने बशीवर हाताचा पंजा धरला.

"नको. मऊ पडेल. आवाज येऊ दे."

तिने एक तुकडा कापला आणि तोंडात घातला. कुर्रकन आवाज झाला. खरंच, गरम तुकडा असा लागतो हे तिला माहीतच नव्हतं. ती चावत राहिली. समोर डॉयलने डोळे मिटून घेतले होते, आणि तिच्या घासाबरोबर त्याचा रिकामा जबडा हलत होता.

"सावकाश," तो म्हणाला. "सावकाश खा."