डाव्या पंखातली माती

सभागृहाच्या लाकडी जमिनीवर कोसळलेल्या विमानातलं सगळं ओळीनं मांडलं होतं. मोडलेल्या फासळ्या सात. तुटलेल्या तारा चार. पंख्याचं अर्धं पातं. चाक एक. डाव्या पंखाचं फाटकं कापड, चौदा फूट. त्यापुढे बोहुमिलची टोपी, आणि टोपीशेजारी मुठीत मावेल एवढी शिवलेली कापडी पुडी. उजवा पंख शाबूत होता. तो भिंतीला टेकवून ठेवला होता.

रूझेनानं सगळं दोनदा मोजलं. मोजायला लागलं की राग आवरतो, हे तिला शिवणकामात कळलं होतं.

ओमाहाचं वर्तमानपत्र सकाळीच स्थलांतरितांच्या वस्तीत पोचलं होतं. पहिल्या पानावर तिच्या भावाचं, बोहुमिलचं छायाचित्र होतं; त्याखाली ‘आपला अमेरिकन गरुड’. पुढे त्याचंच म्हणणं. विमानात दोष नव्हता, वैमानिकाचीही चूक नव्हती. बहिणीनं जुन्या देशातल्या अडाणी समजुतीपायी डाव्या पंखात माती शिवली. त्या वजनानं विमान डावीकडे कललं आणि जत्रेतल्या चार हजार लोकांदेखत मक्यात कोसळलं. यापुढे पंख शिकागोच्या कारखान्यात शिवले जातील.

तीन वर्षं, पाच विमानं. प्रत्येक पंख तिनं शिवला होता.

वस्तीच्या मंडळाचा चिटणीस, दुकानदार वोस्मेक, नोंदवही उघडून यादी वाचत होता. “टोपी एक. विमान पडलं त्याच्या दोनशे पावलं मागे सापडली.”

“वाऱ्यानं उडाली,” बोहुमिल इंग्रजीत म्हणाला.

“आपल्या भाषेत बोल की रे,” वोस्मेक म्हणाला. “इथे तुझे पत्रकार नाहीत.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. वोस्मेक हसला नाही. त्यानं पुडीकडे बोट दाखवलं. “रूझेना, ही तूच शिवलीस?”

“मीच.”

कॉफीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. वस्तीत प्रत्येक घरी अशी जुन्या देशातून आणलेली गावाकडची माती जपून ठेवलेली असते. माणूस गेलं की शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवतात. रूझेनानं आपल्या वाटची पंखात घातली होती.

“ऐकलंत ना?” बोहुमिल उठून उभा राहिला. “पंख म्हणजे हिला उशीचा अभ्रा वाटला! आईच्या थडग्यावरची माती! अगं ताई, त्या चिखलातून सुटायलाच आलो ना आपण इथे? मी ढगात जायचं आणि तू मला मागे ओढायचं!”

“वोस्मेककाका,” रूझेना म्हणाली, “दुकानातला तराजू आणता?”

“कुठला?”

“खसखशीचा.”

दुकान समोरच होतं. वोस्मेक तराजू घेऊन आला. बोहुमिल मिशीला पीळ देत उभा होता. “तोल, तोल,” तो म्हणाला. “चिमूटभर का असेना, वजन एका बाजूलाच होतं.”

“तुझ्या मिशीला लागतं ते मेण जास्त भरेल.”

आता बायकाही हसल्या. रूझेनानं एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि ती भिंतीकडे गेली.

“ए, त्याला हात लावू नकोस! तेवढाच धड राहिलाय!”

“धड राहिलाय, कारण मी शिवलाय.”

पंखाच्या टोकाकडून तिसरी फासळी तिनं बोटानं चाचपली. अकरा टाके उसवले. आत हात घातला आणि दुसरी पुडी बाहेर काढली. तेच कापड, तोच दोरा, तशीच गाठ.

तिनं ती पहिल्या पुडीशेजारी जमिनीवर ठेवली.

“आई डावीकडे होती,” ती म्हणाली. “बाबांना कुठे ठेवलं असेल असं वाटलं तुला?”

तिनं जमिनीवरची टोपी उचलून बोहुमिलच्या छातीवर दाबली.

“दोन्ही हात विमानाच्या दांडीवर ठेवायचे सोडून ही टोपी कुणाला हलवून दाखवत होतास रे?”

तो खाली बसला. टोपी त्यानं डोक्यावर घातली नाही, खालीही ठेवली नाही.

वोस्मेकनं एका पारड्यात एक पुडी ठेवली, दुसऱ्यात दुसरी. मागची माणसं बाकांवर चढली. तराजूची दांडी तीनदा हलली आणि आडवी थांबली. मग त्यानं पेटीतून वजनं काढली, एकेक पुडी वेगळी तोलली आणि नोंदवहीत टोपीच्या खाली लिहिलं:

डावी, सव्वादोन औंस. उजवी, सव्वादोन औंस.