गाठीतली साक्ष

काखेतल्या गाठीतून सुई निघाली तसे उमाकांतरावांनी डोळे मिटून घेतले. खाडीताप माणसाला एकदा शिवला, की त्या तापाला ओळखणाऱ्या पेशी या गाठींत जन्मभर राहतात. हल्ली त्या वाढवून दुसऱ्या रोग्यालाही देतात. इस्पितळाच्या आतल्या खोलीत त्यांची पुतणी शाल्मली त्याच तापाने फणफणली होती.

"काका, त्या तापाला ओळखणारी एकही पेशी तुमच्यात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो तुमच्या आसपाससुद्धा फिरकलेला नाही. दोन दिवस आम्ही तुमच्या भरवशावर थांबलो, नाहीतर दुसरं कुणी शोधलं असतं."

एकोणीस वर्षांपूर्वी वहिनी बाळंतपणाला माहेरी होत्या. भाऊ याच तापाने गेला तेव्हा शेवटचे दहा दिवस आपणच त्याला पेज भरवली, असं उमाकांतराव सांगत आले होते. खरं तर ते उंबऱ्यावरूनच परतले होते. तरी दर श्राद्धाला वहिनी घरातलं पहिलं पान त्यांनाच वाढायच्या.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. उमाकांतरावांचा चेहरा बघून त्या काय ते समजल्या.

"शेजारच्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "आज मात्र वाटत होतं, ते खोटं बोलले असावेत."