वाळूचा माग

रामरावांची राजनंदिनी विशाखापट्टणमला शास्त्रज्ञ होती. चक्रीवादळ आलं की किनाऱ्यावरची वाळू कुठून उचलली जाते आणि कुठं जाऊन पडते, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. ती सुट्टीला परतूरजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा रामरावांनी पारावर छाती फुगवून सांगितलं, "आमची पोरगी बसल्या जागी वाळूचा माग काढती. कुठून उचलली, कुठं टाकली, सगळं बराबर दिसतं तिला!" वादळाचं सांगायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुधना नदीच्या पात्रात वाळू उपसायला एकही ट्रॅक्टर उतरला नाही. वाळू उपशानं ज्यांच्या विहिरी आटत होत्या, त्या काठच्या शेतकऱ्यांना तर सण आल्यासारखं झालं. संध्याकाळी चोरून वाळू उपसणारा भारत पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरात आमचं ट्रॅक्टर दिसून राह्यलं का?"

राजनंदिनीला हसू आवरेना. "न्हाई हो भारतभाऊ, मी समुद्राकाठची वाळू बघते. तिकडं एका रात्रीत लाखो ब्रास जाते."

"लाखो? एका रात्रीत?" भारतचा वासलेला आ तसाच राहिला. "कोण नेतं?"

"मागं गुलाबनं नेली," ती म्हणाली. काही वर्षांपूर्वी आलेल्या चक्रीवादळाचं नावच तसं होतं.

भारतनं पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, ह्या गुलाबच्या पाठीशी नेमकं कोण हाय?"