समईची वेळ

आजही हिरवा दिवा लागला नव्हता.

गार्गीने टेबलावरच्या त्या इवल्याशा दिव्याकडे पुन्हा पाहिलं. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंच नाही. भाऊ निशिकांत बोटीवर, गार्गी लॅबमध्ये. त्यानंतर तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलच्या घरी, देवघराच्या फळीखाली सेन्सर लावलेला एक छोटा बोर्ड बसवला. तिथे समईची ज्योत दिसली की इथे, बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये, हा दिवा लागायचा.

आईचा नेमच तसा. गार्गी घरातून निघाली की आंघोळ, मग समई, पोथीचा एक अध्याय आणि त्यानंतरच चहा. तापातसुद्धा त्यात बदल नाही. गार्गी खुर्चीत टेकते न टेकते तोच दिवा लागायचा आणि शेजारचा तन्मय म्हणायचा, माउली ऑनलाइन आल्या.

या आठवड्यात मात्र दिवा लागत होता तो सगळे दुपारी जेवायला हॉकर सेंटरच्या स्टॉल्सकडे निघाले की.

आधी तिने बोर्डवरच संशय घेतला. सेन्सर बदलला, प्रोग्राम पुन्हा चढवला. बोर्ड ठणठणीत होता. म्हणजे बिघाड आईत होता. फोनवर विचारलं, तर होतंय गं थोडं मागेपुढे, म्हणून आईने विषय मिटवला. तन्मय या वेळी हसला नाही. त्याच्या आजीचं विसरणंही असंच रोजच्या नेमापासून सुरू झालं होतं, म्हणाला.

समोर जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या संस्थेची, निवड झाल्याची मेल उघडी होती. बनून झाल्यावरही आतली जोडणी नव्याने मांडता येते, अशा चिपवरचं संशोधन. कॉलेजपासून तिला हेच करायचं होतं. रविवारी आईला सांगितलं, तेव्हा आई वाती वळत होती. जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिथे थंडी फार असते का, सकाळ केव्हा होते, एवढंच विचारलं.

गार्गीने नकार लिहून काढला. आईला डॉक्टरकडे न्यायचं, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एमआरटी मेट्रोत बसून नकाराची मेल पुन्हा वाचली. पाठवायची घरी पोचल्यावर, असं ठरवलं.

दार उघडलं तर आई देवासमोर पाटावर बसलेली. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू. समईत तेल होतं, वात होती. काड्यापेटी हातात होती. पोथी मिटलेली होती आणि ओटा कोरडा.

गार्गी तिच्याजवळ खाली बसली. आईचा हात गार लागला.

"आई, अजून चहासुद्धा नाही घेतलास?"

"समईआधी कसा घेऊ?"

"मग लाव ना समई. राहिली का लावायची? दे, मी लावते."

तिने काड्यापेटीकडे हात नेला. आईने तो हलकेच बाजूला केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"थांब गं, जर्मनीत आत्ता कुठे उजाडतंय. तू तिथे उठशील, तेव्हा तुला दिवा लागलेला दिसायला हवा ना. म्हणून आतापासून सवय करतेय."