जास्त वाईट कोण?

बाळांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. शाळेतली अडगळीची खोली. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले नकाशे, मध्ये एक बुटकं टेबल. टेबलावर चिंध्यांच्या दोन बाहुल्या, एक लाल फ्रॉकची, एक निळ्या फ्रॉकची. पलीकडे बसल्यात त्या बाईंचं नाव मुलांनी प्रश्नबाई ठेवलंय. चांगलं-वाईट मुलांना कसं कळू लागतं, याचा त्या अभ्यास करतात. आता दाराकडे बघा. कोणीतरी ते एका बोटाने ढकलतंय, अगदी सावकाश. फट पडली. फटीतून एका मुलीने आधी दारामागे डोकावून पाहिलं आणि मगच आत पाऊल टाकलं.

लाजरी दिसते, प्रश्नबाईंना वाटलं.

मुलगी नऊ वर्षांची होती. वेणी घट्ट, चापूनचोपून घातलेली.

"ही लाली," प्रश्नबाईंनी सुरुवात केली. "ही धावत आली आणि तिने दार ढकललं. दारामागे कपांचा ट्रे होता, तिला ठाऊक नव्हतं. बारा कप फुटले. आणि ही निळी. हिने चोरून साखर खायला फळीवर हात घातला. एक कप फुटला. सांग बघू, जास्त वाईट कोण?"

सकाळपासून हाच प्रश्न चालला होता. पहिलीतल्या एका पठ्ठ्याने उलट विचारलं होतं, "आधी सांगा, साखर मिळाली का तिला?" बाकी सगळं नेहमीसारखं. लहानगी मुलं फुटलेले कप मोजतात. जरा मोठी झाली की मनात काय होतं ते बघू लागतात. नऊ वर्षांची मुलं बहुधा निळीलाच दोष देतात.

"लाली," मुलगी म्हणाली.

"का गं? तिला ठाऊक कुठे होतं?"

"ठाऊक नव्हतं म्हणून कप परत येतात का?"

"बरं," प्रश्नबाई म्हणाल्या. नुसतं बरं. हा त्यांच्या कामाचा नियमच होता. मुलं समोरच्याचा चेहरा वाचतात आणि त्याला आवडेल तेच बोलतात. म्हणून शाबासकी द्यायची नाही, भुवई उचलायची नाही, आवाज सपाट ठेवायचा. वयाच्या मानाने मागे आहे, त्या मनात म्हणाल्या.

"चुकलं का माझं?"

"इथे बरोबर-चूक काही नसतं, राणी. तुला वाटेल ते सांग. आता लालीला शिक्षा काय करायची?"

बाकीच्यांनी पटापट सांगितलं होतं, कोपऱ्यात उभं करा, खेळायला सोडू नका. हिने आधी लालीला उचलून जवळ घेतलं.

"तिच्याशी बोलायचं नाही. वेणी घालायची, डबा भरून द्यायचा. पण बोलायचं नाही."

"किती दिवस?"

"ते अजून संपलं नाही."

प्रश्नबाईंची पेन्सिल थांबली. "एवढी मोठी शिक्षा? कपांसाठी?"

"कप असते तर एवढी नसती झाली," मुलगी म्हणाली. "आमचा छोटू होता. दाराबाहेर लगेच जिना आहे ना, तिथे वरच्या पायरीवर बसला होता."

ती रडली नाही. लालीचा फ्रॉक तिने गुडघ्यांवर ओढून नीट केला.

प्रश्नबाई उठल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. इतकी वर्षं पाळलेला नियम त्यांनी मोडला. "लालीची चूक नव्हती. ऐकतेस ना? अजिबात नव्हती."

"तुम्हीच म्हणालात, इथे बरोबर-चूक नसतं."

"ते माझं चुकलं."

"आणि तुम्ही सांगून काय होणार?" मुलगी समजावल्यासारखं म्हणाली. "तुम्ही कुठे आमच्या घरच्या?"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. खिडकीतून फाटक दिसत होतं. तिथे मुलीची आई येऊन उभी होती, शाळेकडे पाठ करून. ती रोज अशीच यायची. लेक जवळ आली की काही न बोलता पुढे चालू लागायची.

मुलगी दारापर्यंत गेली. थबकली. परत आली.

"बाहुल्या नेऊ? उद्या देते."

प्रश्नबाईंनी दोन्ही बाहुल्या तिच्या हातात दिल्या.

मुलीने दार एका बोटाने उघडलं, बाहेर डोकावून पाहिलं. एव्हाना पटांगण मोकळं झालं होतं, तरी ती चालतच गेली. तिची चाहूल लागताच आई निघाली. तेव्हा मात्र मुलगी धावली. आईच्या पुढे जाऊन वाटेतच तिने बसकण मारली आणि दोन्ही बाहुल्या आईच्या पायांपुढे मांडल्या.

"आई, ही लाली," ती म्हणाली. "ही धावत आली आणि तिने दार ढकललं. दारामागे काय आहे, तिला ठाऊक नव्हतं. आणि ही निळी, हिने चोरून साखर खाल्ली. जास्त वाईट कोण? इथे बरोबर-चूक काही नसतं, आई. तुला वाटेल ते सांग. पण सांग."