पुतण्याची गिटार

“कोणासाठी हवीय?” गिटारच्या दुकानातल्या पोरसवदा दुकानदाराने विचारलं.

“पुतण्यासाठी,” वहिनी बोलून गेल्या.

सोबत आलेल्या नणंदेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पुतण्या म्हणजे दिराचा मुलगा. वहिनींचा नवरा आणि ही नणंद, अशी ती दोनच भावंडं. आपल्याला आणखी एक भाऊ आहे आणि त्याला मुलगाही झालाय, हे नणंदेला त्या दुकानातच कळलं. तिने स्टूल ओढून घेतलं आणि पुढचं ऐकायला ऐसपैस बसली.

गिटार वहिनींना स्वतःलाच हवी होती. त्यांच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गिटारचा क्लास चालायचा. खाली वहिनी लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं हाताने शिवायच्या आणि वर कोणीतरी तेच तेच सूर घोटत बसायचं. कोण कुठे चुकणार, हेसुद्धा त्यांना पाठ झालं होतं. गेल्या आठवड्यात क्लासच्या दारावर ‘वयाची अट नाही’ असा कागद लागला आणि वहिनी तडक वर जाऊन नाव घालून आल्या. उद्या पहिला तास होता. गिटार ज्याची त्याने आणायची होती. साठवलेल्या पैशांत एकच येणार होती, चुकीची निघाली तर दुसरी घ्यायची सोय नव्हती. आनंदाच्या भरात सकाळपासून त्यांना धड जेवणही गेलं नव्हतं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईने ‘मला हवीय’ म्हणायचं आणि समोरच्या पोराने गालातल्या गालात हसायचं, हे काही त्यांना सोसवलं नसतं.

“वय काय पुतण्याचं?”

“दहा.”

थाप मारताना माणसाने निदान वय तरी जरा वाढवून सांगावं. दुकानदाराने चांदण्या रंगवलेली एक निळी, चिमुकली गिटार आणून वहिनींच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी हात टाकला तर कोपर तिच्या बाहेरच लोंबत राहिलं.

“जरा मोठी बघू. त्याचे हात मोठे आहेत.”

“केवढे?”

“माझ्याएवढे.”

“दहा वर्षांच्या मुलाचे?”

“आमच्या घराण्यात आहेच तसं,” नणंद स्टुलावरून म्हणाली.

मग मोठ्या गिटारी निघाल्या. दुकानदार एकेक छेडून दाखवू लागला आणि प्रत्येक गिटार आधीच्या गिटारीपेक्षा गोड वाटू लागली. वहिनींनी त्याला थांबवलं. “तू वाजवू नकोस बाबा. तुझ्या हातात पत्र्याचा डबाही वाजेल.” त्यांनी स्वतःच एक डोळा मिटून प्रत्येकीची मान सरळ आहे का ते पाहिलं. एक वाकडी निघाली. एकीच्या तारा इतक्या उंच होत्या की खालून करंगळी गेली असती. शेवटी दोन उरल्या, एक नायलॉनच्या तारांची, दुसरी स्टीलच्या.

स्टीलची दिसायला अगदीच साधी होती. वहिनींनी तिच्यावरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं छतातून झिरपत आलेला आवाज आज त्यांच्या मांडीवर होता, आणि त्याची थरथर बरगड्यांना लागत होती. त्यांचं सगळं अंग फुलून आलं.

“हीच दे,” त्या म्हणाल्या.

“ही नको, काकू.” दुकानदाराने नायलॉनची पुढे केली. “किंमत दोन्हींची सारखीच आहे, माझं काही जात नाही. पण स्टीलच्या तारा नवशिक्याची बोटं सोलून काढतात. कातडी निबर व्हायला वेळ लागतो. तोवर पोरगं रडतं आणि गिटार माळ्यावर जाते. दहा वर्षांच्या मुलासाठी ही मी देणार नाही.”

एका खऱ्या शब्दाने काम झालं असतं. तो शब्द वहिनींच्या जिभेवर आला आणि तिथेच अडला. नणंद कानाशी वाकली. “वहिनी, तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“वन्सं, तुम्ही गप्प बसा.”

दुकानदाराला वाटलं, काकूंना पटलेलं नाही. “हवं तर तुम्हीच दाबून बघा,” तो म्हणाला. “डाव्या हाताची बोटं. एक इथे, एक इथे, आणि हे तिसरं इथे. चांगली जोरात दाबा. मग कळेल पुतण्याचे काय हाल होतील ते.”

वहिनींनी तारा दाबल्या आणि उजवा हात फिरवला. आवाज स्वच्छ निघाला. त्यांनी पुन्हा फिरवला. दुकानदार त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघायची वाट बघत उभा होता. वहिनी मात्र त्याला विसरूनच गेल्या होत्या. त्या आपल्या दाबत होत्या, वाजवत होत्या आणि हसत होत्या.

“दुखत नाहीये?”

“नाही. दुखायला हवं का?”

त्याने त्यांचा डावा हात मागितला आणि पालथा होता तो उताणा केला. कापडाच्या वरून टोचलेली सुई आयुष्यभर खाली याच बोटांवर येऊन टेकली होती. चारही टोकांना घट्टे पडले होते, पिवळट आणि गुळगुळीत. दुकानदाराने आपल्या तशाच निबर बोटांकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्या बोटांकडे. त्याला सुई कुठून ठाऊक असणार. तो एकदम अदबीने सरळ उभा राहिला.

“काकू, पुतण्याचं राहू द्या,” तो म्हणाला. “खरं सांगा, कधीपासून वाजवताय?”

वहिनींनी गिटार पोटाशी ओढून घेतली.

“आजपासून.”