कोण कुणाचा पूर्वज

यंत्राने निकाल दिला : कुणीही कुणाचाही पूर्वज असतो.

ऊना रिंटूलने कपाळावर हात मारला. तीन वर्षं खपून तिने हा प्रोग्रॅम रचला होता. त्याला आयता नियम द्यायचा नाही. उदाहरणं द्यायची, नियम त्याने शोधायचा. आईबाप हे पूर्वज, आणि पूर्वजांचे आईबापही पूर्वज, एवढं त्याला उमगलं की पुढे शंभर पिढ्या तो आपल्या पायांनी चढून गेला असता. उदाहरणांसाठी तिने घरच्याच चार पिढ्या घातल्या होत्या, सगळे स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरचे मासेमार. आता या शहाण्याच्या मते तिची तीन वर्षांची भाची इशबेल स्वतःच्या आजोबांची पूर्वज होती.

पीएचडीचा प्रबंध आठ दिवसांत द्यायचा होता. मग शिष्यवृत्ती बंद. निकालाचा कागद घेऊन ती मार्गदर्शकांच्या खोलीत गेली.

फर्गस डॅलग्लीश म्हणजे देवमाणूस, अख्खं एडिनबरा सांगेल. वीस वर्षांत त्यांनी कुणाचं मन दुखावलं नव्हतं. ऊनाच्या प्रत्येक प्रकरणावर त्यांनी बारीक अक्षरात ‘छान चाललंय’ लिहिलं होतं, वर चहाही पाजला होता. आजही त्यांनी आधी चहा ओतला, बिस्किटांचा डबा सरकवला, मग कागद पाहिला आणि चक्क हसले.

“अगं, तू याला नुसती होकारार्थीच उदाहरणं देतेस. वर सांगतेस, सगळ्यांना लागू पडेल असा सर्वांत आटोपशीर नियम शोध. त्याने शोधला की. अमका तमक्याचा पूर्वज नाही, असं कुणी म्हणालंच नाही, तर आपलं चुकतंय हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?”

फक्त होकारार्थी उदाहरणं पुरतात, हाच तर ऊनाचा सिद्धान्त होता. दुसऱ्या प्रकरणात तो मांडून पुढची पाच प्रकरणं तिने त्याच्यावरच रचली होती. आठ दिवसांत त्यातलं काय वाचणार, डोंबल!

“हे तुमच्या आज लक्षात आलं?” तिने विचारलं.

डॅलग्लीशांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

“नाही. दुसरं प्रकरण वाचलं तेव्हाच.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुला वाईट वाटलं असतं,” ते मायेने म्हणाले. “म्हटलं, तुझं तुलाच कळेल.”